दुःखाची वारसनोंद

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दरवर्षी अंकाचं काम निघालं की संपादक मंडळी माझ्याकडून जाहिरातींचा हिशोब लिहून घेतात. यंदा म्हणाले, "हिशोब राहू द्या भाऊ, एखादा लेख द्या." मी बी.कॉम. झालेला माणूस. सारी नोकरी बँकेत कारकुनी करण्यात गेली. वेदांत मला कळत नाही आणि प्रवचन माझ्याच्यानं होत नाही. पण गेलं वर्षभर एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे, तोच आपणा भाविकांपुढे ठेवतो. आईबापानं भोगलेलं दुःख लेकरांच्या वाट्याला जातं काय? जात असेल तर कोणत्या वाटेनं जातं? आणि ते थांबवणं आपल्या हाती किती आहे?

हा प्रश्न पडला तो माझ्या नातीमुळे. मागच्या दिवाळीत शेजारच्या पोरांनी सुतळी बॉम्ब लावला. मोठा आवाज झाला. नात अंगणात रांगोळी भरत होती. ती रंगाची वाटी टाकून घरात पळाली आणि पलंगाखाली शिरली. मी वाकून पाहिलं तर दोन्ही कान दाबून बसलेली. मला म्हणाली, "आबा, डेपो फुटला काय?"

मी तिथंच खाली बसलो. कारण डेपोला आग लागली तेव्हा ही पोर जन्मालाच आली नव्हती.

नाचणगाव-पुलगावच्या माणसाला ती रात्र सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ३१ मे २०१६ च्या रात्री एकच्या सुमारास पुलगावच्या सैन्याच्या दारूगोळा भांडारात आग लागली आणि स्फोट झाले. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १९ जणांचा जीव गेला. त्यात आग विझवायला धावलेले जवान होते. आसपासच्या खेड्यांतली माणसं रातोरात घरं सोडून बाहेर पडली. पुढे २० नोव्हेंबर २०१८ ला जुने बॉम्ब नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यात पोटासाठी मजुरीला गेलेली आपल्याच भागातली माणसं होती.

त्या २०१६ च्या रात्री मी एका लग्नासाठी बाहेरगावी होतो. घरी आमची ही एकटी होती. खिडक्यांची तावदानं खडखडली, आभाळ लाल झालं, शेजारीपाजारी रस्त्यावर आले. ही देवघरासमोर पहाटेपर्यंत बसून होती. त्यानंतर ती त्या रात्रीविषयी कधी फार बोलली नाही. पण ट्रकचं टायर फुटलं, कुणी दार आपटलं, की तिचा हात छातीवर जातो आणि जवळ नात असली तर तिला ती घट्ट धरते. नात अगदी तान्ही होती तेव्हापासून हे चालू आहे. कुणीतरी कधीतरी तिच्यासमोर डेपोचं नाव काढलं असेल, तेवढं तिनं जोडून घेतलं. आजीनं नातीला भीती शिकवली असं कोण म्हणेल? तिनं तर तिला मायेनं पोटाशी धरलं होतं. पण ते धरणं नातीच्या अंगाला कळत गेलं.

माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मामा, वर्षभराचं मूल नवीन काही दिसलं की आधी आईच्या तोंडाकडे पाहतं. आईचा चेहरा शांत असला तर पुढे जातं, घाबरा असला तर मागे सरतं. शब्द कळायच्या आधी त्याला चेहरा कळतो." मग त्यानं मला आणखी काही सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात ज्यू लोकांच्या छळछावण्यांतून जे वाचले, त्यांच्यापैकी बरेच जण कॅनडात जाऊन राहिले. पुढे १९६६ साली व्हिव्हियन राकॉफ नावाच्या तिथल्या मानसोपचार डॉक्टरांनी लिहून ठेवलं की, छावणी ज्यांनी पाहिलीच नाही अशी त्यांची मुलं मनाच्या त्रासासाठी दवाखान्यात येताहेत. अमेरिकेत डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांनी हजारो माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारलं आणि १९९८ साली त्याचे निष्कर्ष छापले. घरात मारहाण होती काय, कुणी दारूच्या आहारी होतं काय, कुणी मनानं खचलेलं किंवा जिवावर उदार झालेलं होतं काय, असे प्रश्न होते. अशा गोष्टी जितक्या जास्त, तितकं मोठेपणी खिन्नतेचं, व्यसनाचं आणि शरीराच्याही आजारांचं प्रमाण जास्त आढळलं.

हे रक्तातूनच उतरतं काय, असंही मी विचारलं. तो म्हणाला, त्यावर संशोधन चालू आहे, पण माणसांच्या बाबतीत अजून छातीठोक सांगता येत नाही. घरातल्या वागण्यातून उतरतं हे मात्र पक्कं. आणि हेही सांगितलं की हा काही अटळ नियम नाही. दुःखी आईबापांची कितीतरी मुलं चांगली उभी राहतात. घरात एक जरी माणूस असा असला की ज्याच्याजवळ मूल मनातलं बोलू शकतं, तरी पुष्कळ फरक पडतो.

हे ऐकताना मला माझे बाबा आठवले.

मी नऊ वर्षांचा असतानाची गोष्ट. मामाच्या वावरात विहिरीच्या काठावर पालथा पडून मी आत डोकावत होतो. पाण्यात माझंच तोंड दिसत होतं. बाबांनी मागून येऊन मला ओढलं आणि मारलं. बाबा तसे मारणारे नव्हते. जन्मात एकदाच मारलं, पण असं मारलं की मामांना मध्ये पडावं लागलं. मारता मारता बाबाच रडत होते. मला काही उमगलं नाही. आपल्यात काहीतरी वाईट आहे, ते बाबांना दिसलं, एवढंच मी समजलो. पुढे कितीतरी वर्षं तेच समजत राहिलो.

बाबा १९९८ साली गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला थोरली आत्या आली होती. रात्री निजानीज झाल्यावर तिनं सांगितलं. माझे आजोबा पाय घसरून विहिरीत पडले असं आम्हा सगळ्यांना सांगण्यात आलं होतं. ते पडले नव्हते. जमीन सावकाराकडे गहाण होती, दोन वर्षं कपाशी बुडाली होती. सकाळी बिछाना रिकामा दिसला म्हणून शोधाशोध झाली आणि विहिरीत पहिल्यांदा डोकावला तो माझा बाप. चौदा वर्षांचा होता. आत्या म्हणाली, "तुह्या बापानं सांगू नको म्हटलं होतं. लेकरायच्या मनावर कायले वझं, म्हणे."

भाविकहो, बापानं आमच्या मनावर ओझं नको म्हणून ते लपवलं. त्याचा हेतू सोन्यासारखा होता. पण ओझं काही कमी झालं नाही. ओझ्यावर नाव नव्हतं, एवढंच. मी पोहायला शिकलो नाही. माझ्या मुलालाही शिकू दिलं नाही. बँकेत दोनदा ऑफिसरच्या बढतीची संधी आली, दोन्ही वेळा नको म्हटलं. जन्मात कर्ज घेतलं नाही. मुलाला पुलगावला मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान टाकायचं होतं, मी जामीनदार म्हणून सही करायला नकार दिला. कारण विचारलं तर म्हणालो, "आपल्या घराण्याला धंदा झेपत नाही." हे घराण्याचं वाक्य मी कुठून आणलं होतं? बाबा असंच म्हणत. मुलगा काही बोलला नाही. वर्ध्याला नोकरी धरली आणि ते दुकान पुन्हा कधी काढलं नाही. आजोबांच्या विहिरीचं पाणी असं कुठवर आलं पाहा.

पितृपक्षात आपण तर्पण करतो तेव्हा पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन पिढ्यांची नावं घेतो. मीही वर्षानुवर्षं घेत आलो. बँकेत असल्यामुळे कायद्यातही हीच तीन पिढ्यांची गोष्ट मला भेटली. बापाचं कर्ज फेडणं हे पुत्राचं धर्मकर्तव्य असा जुना हिंदू कायदा होता. ९ सप्टेंबर २००५ पासून वारसा कायद्यात दुरुस्ती लागू झाली. त्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच कलमात असंही आहे की त्या तारखेनंतरचं बापाचं, आजाचं, पणजाचं कर्ज केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलगा, नातू, पणतू यांच्याकडून वसूल करता येणार नाही. वारसाला जेवढी इस्टेट मिळाली तेवढ्यापुरतीच त्याची देणेदारी. पैशाच्या कर्जाची साखळी कायद्यानं तोडली. मनाच्या कर्जाला मात्र असं कलम नाही. ते तुम्हा-आम्हालाच तोडावं लागतं.

आता जी गोष्ट सांगायची, ती सांगताना मला लाज वाटते. पण सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही.

आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी काय दिवस आणले ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. २००६ च्या जुलैत तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले, आपल्या जिल्ह्यातल्या वायफडच्या शेतकऱ्यांना भेटले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मग २००८ ची कर्जमाफी आली. तिच्या याद्या मी स्वतः रात्री दहा-दहापर्यंत बसून केल्या. ज्या घरात असा मृत्यू झाला त्याला सरकारकडून एक लाख रुपये मदत होती. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण ती मिळण्यासाठी प्रकरण पात्र ठरावं लागे. जमीन नावावर किंवा घरच्यांच्या नावावर हवी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. यातलं काही कमी पडलं की कागदावर शेरा पडे, अपात्र.

त्या काळात मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. एक बाई थकबाकीच्या दाखल्यासाठी आली. सोबत दहा-अकरा वर्षांचा मुलगा. टेबलावर गर्दी होती, महिनाअखेर होती. मी तिचं नाव पाहिलं आणि मागच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तिथूनच मोठ्यानं विचारलं, "हे आत्महत्येचं प्रकरण अपात्र झालं होतं ना?" बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. तिनं त्याला बाप साप चावून गेला असं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. मुलगा माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी दाखला दिला, शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारला.

बारा वर्षांनी, माझी निवृत्ती जवळ आली असताना, तोच मुलगा खातं उघडायला आला. मी ओळखलं नाही. त्यानं ओळखलं. फॉर्म भरून झाल्यावर म्हणाला, "काका, एक विचारू काय? अपात्र म्हणजे काय असते?" मी नियम सांगायला लागलो. तो म्हणाला, "नियम माहीत झाला आता मले. पण तवा वाटलं, माहा बाप अपात्र होता. म्हणून त्यानं असं केलं. अन् मी त्याचाच पोरगा." दहावीला एकदा नापास झाला तेव्हा त्यानं पुन्हा परीक्षा दिली नाही. त्याला वाटलं, हे तर ठरलेलंच होतं.

काय बोलावं मला सुचेना. मी त्याला बाहेर चहाच्या टपरीवर नेलं आणि हात जोडले. त्याला सांगितलं की अपात्र हा शब्द कागदाला लावलेला होता, तुझ्या बापाला नव्हे. जमीन बापाच्या नावावर नसून काकाच्या नावावर असली तरी तो शब्द पडे. मग त्याला माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. घराबाहेरच्या कुणाला सांगण्याची ती माझी पहिलीच वेळ. त्यानं शांतपणे ऐकलं. "तुमचे आजोबा बी काय?" एवढंच म्हणाला. मी विचारलं, आईशी कधी बोललास काय? तो म्हणाला, "नाही. तिले वाटते मले माहीत नाही. मले माहीत आहे हे तिले सांगितलं तर ते रडन." असे ते दोघं एका घरात बारा वर्षं एकमेकांना सांभाळत गप्प बसले होते.

बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. म्हणजे पैसे आहेत, पण कुणाचे, कशाचे, ते कळत नाही. तात्पुरती सोय म्हणून ते ठीक आहे. पण नोंद तिथं वर्षानुवर्षं पडून राहिली की तिचा माग काढणं अवघड होत जातं, आणि चौकशी होते ती त्या दिवशी खुर्चीवर असलेल्या माणसाची. घरातलं न सांगितलेलं दुःख असंच पडून राहतं. मूल त्याचा मेळ स्वतःच घालू पाहतं. त्याच्याजवळ कागद नसतात, म्हणून ते जवळात जवळचं खातं धरतं, स्वतःचं. आई रडते, कारण मी वाईट. बाबा मारतात, कारण माझ्यात खोट. बाप गेला, कारण आम्ही अपात्र. दुःख तर प्रत्येक घरात आहे. पण माझ्या अनुभवानं मला असं वाटतं की मुलाची वाढ दुःखापेक्षा या चुकीच्या जमाखर्चानं जास्त खुंटते.

काही भाविक म्हणतील, हे सगळं प्रारब्ध आहे, पितृदोष आहे. शांती करावी, पूजा करावी. जरूर करावी, मी नाही म्हणत नाही. पण आपल्या पोथीत काय आहे तेही पाहावं. गुरुचरित्राच्या आठव्या अध्यायातली अंबिकेची कथा आपण सप्ताहात वाचतो. मुलगा मंदबुद्धी. बाप त्याला शिकवताना मारी, आई आड येई. बाप गेला, घर भिक्षेवर आलं, लोक मुलाला टोचून बोलू लागले. शेवटी मायलेक दोघं जीव द्यायला नदीवर गेले. तिथं कुरवपूरला श्रीपाद श्रीवल्लभ भेटले. एवढं दुःख आईचं, पण ते मुलानं आधीच आपलं करून घेतलेलं. आई काठावर उभी आणि पोरगंही तिच्याबरोबर काठावर. आईबापांचं दुःख लेकराकडे कसं जातं, हे याहून उघड कुठं लिहिलेलं आहे?

आता गुरूंनी काय केलं ते पाहा. आधी तिचं ऐकून घेतलं. जीव देणं हा मोठा दोष आहे, असं सांगून तिला थांबवलं. शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं, म्हणजे पुढे काय करायचं ते दिलं. आणि हात ठेवला तो मुलाच्या डोक्यावर. आईला धीर देऊन घरी पाठवलं असतं आणि मूल तसंच राहिलं असतं, तर ती कृपा अर्धीच झाली असती. हीच अंबिका पुढल्या जन्मी आपल्या विदर्भातल्या कारंज्यात अंबा झाली आणि श्रीनृसिंह सरस्वतींची माता झाली. जी बाई मुलाला घेऊन मरायला निघाली होती, तिच्याच पोटी गुरूंनी यावं, यात आपल्यासारख्यांसाठी केवढा दिलासा आहे! आणि तो मुलगाही मुंज होईपर्यंत ॐकाराशिवाय काही बोलला नाही. लोकांना मुका वाटला. बोलत नाही म्हणजे आत काही नाही, असं समजू नये.

एक गोष्ट इथं नीट सांगितली पाहिजे. आत्महत्या महादोष, हे शब्द गुरूंनी जी अजून काठावर उभी होती तिला थांबवायला वापरले. जो गेला त्याच्या बायकामुलांना टोचायला ते वापरू नयेत. आपण गावात, पारावर, कधी कधी मंदिरातही तसं बोलून जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही मान्य केलं आहे की जिवाचं असं करू पाहणारा माणूस मोठ्या ताणाखाली असतो असं धरावं, त्याला शिक्षा करू नये, सरकारनं त्याची काळजी घ्यावी. जे कायद्याला कळलं ते आपल्याला कळू नये?

माझे एक स्नेही आहेत, मंदिरात रोज भेटतात. त्यांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "भाऊ, पण लेकरायले सांगून काय भेटते? त्यायचं बालपण कायले नासवायचं? आपण गिळलं ना, मग झालं." हा आक्षेप खोटा नाही. आपली पिढी गिळत आली म्हणूनच घरं उभी राहिली. आणि दुसरं टोकही मी पाहिलं आहे. काही आईबाप उठता-बसता आपलंच रडगाणं लेकरांपुढे गातात, आम्ही तुमच्यासाठी काय काय सोसलं ते मोजून दाखवतात. ते सांगणं नव्हे, ती वसुली आहे. पोरगं त्याखाली दबतं.

मग सांगावं तरी कसं? मला एकच कसोटी सुचली. सांगून आपलं मन हलकं होतं काय हे पाहू नये, मुलाच्या डोक्यातला चुकीचा हिशोब दुरुस्त होतो काय हे पाहावं. सहा वर्षांच्या पोरीला स्फोटात किती माणसं गेली ते सांगायची गरज नाही. आजी तेव्हा घाबरली होती, ती रात्र आता संपली आहे, आणि तू काही चुकली नाहीस, एवढं पुरतं. बावीस वर्षांच्या तरुणाला मात्र खरं सांगावं लागतं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यात गरिबी आहे, कर्ज आहे, सावकाराकडून झालेला अपमान आहे. तरी वाचणारा खचत नाही. कारण दुःख सांगताना त्यात माया कुठं होती, हेही त्यांनी सांगितलं. नुसतं दुःख सांगू नये, त्यातून कुणी कसं तारून नेलं तेही सांगावं. माझ्या बापानं चौदाव्या वर्षी तसं पाहिलं आणि तरी तीन बहिणींची लग्नं केली, हे मला लहानपणी कळलं असतं तर घराण्याला काही झेपत नाही, हे वाक्य मी कधी बोललो नसतो.

मग दोष कुणाचा? आत्याचा, बाबांचा, आजोबांचा? आम्ही शाखेत बदलून गेलो की आधीच्या माणसाकडून चार्ज घेत असू. त्याच्या वेळची चुकीची नोंद ही माझी चूक नसे. पण चार्ज घेतल्या दिवसापासून ती दुरुस्त करणं माझं काम असे. आईबापांकडे असं पाहावं. त्यांना जमलं तेवढं त्यांनी केलं. उरलेलं आता आपल्या चार्जमध्ये आहे. आणि आपण साठी ओलांडलेले लोक तर दोन्हीकडून जबाबदार आहोत. मागच्यांना माफ करायचं आहे आणि पुढच्यांकडून माफी मागायची आहे.

मी काय केलं ते सांगून थांबतो. गेल्या पितृपक्षात तर्पण झाल्यावर मुलाला जवळ बसवलं आणि आजोबांची, बाबांची आणि माझी अशी तिघांची गोष्ट त्याला सांगितली. दुकानाच्या सहीचंही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मले वाटे तुमचा माह्यावर भरोसा नाही." नऊ वर्षं तो हेच धरून बसला होता. दुकान काही आता निघणार नाही, ती वेळ गेली. पण नातीला त्यानं वर्ध्याला पोहण्याच्या क्लासला घातलं आहे. पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. काठावर उभा राहिलो, पाय कापत होते, पण उभा राहिलो.

आजीनंही नातीला त्या रात्रीची गोष्ट सांगितली, तिला झेपेल तेवढी. या दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला तेव्हा दोघींनी एकमेकींचे हात धरले. नात म्हणाली, "आजी, हा फटाका आहे." आजीचा दुसरा हात छातीवर गेलाच. इतक्या वर्षांचं एकदम जात नाही.

ज्या घरात असं काही घडलं आहे आणि बोलायला कुणी नाही, त्यांनी लाजू नये. सरकारची टेलीमानस ही फुकट सेवा आहे, १४४१६ हा नंबर फिरवावा, मराठीत बोलता येतं. सेवाग्रामच्या रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे. गुडघा दुखला तर आपण जातोच ना तिथं? गुरुकृपा डॉक्टरच्या रूपानंही भेटते.

दत्तजयंतीच्या संध्याकाळी आपण सगळे पाळण्याची दोरी ओढायला रांगेत उभे राहतो. आजोबा, बाप, नातू, एकाच दोरीला हात लावून जातात. यंदा दोरी हाती आली की क्षणभर आपल्या घरातल्या पाळण्याची आठवण करावी. आपल्याला मिळालेलं काय त्यात ठेवायचं आणि काय आपल्यापाशीच मिटवायचं, हे महाराजांसमोर ठरवावं. आणि त्या रात्री घरी गेल्यावर, जे सांगायचं राहिलं आहे ते कुणाला तरी सांगावं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!